सरासरीआड दडलेले मातामृत्यू

देशातील मातामृत्यूंचे प्रमाण घटले आहे, याविषयी दुमत नाही. २००४-०६ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेपासून या घटीचे श्रेय घेण्यात कोणतेच सरकार मागे राहिलेले नाही. मात्र ज्या आकड्यावर ही श्रेयाची चढाओढ चालते, तो रुग्णालयांच्या नोंदवह्यांतून आलेला नाही. तो नमुना नोंदणी पद्धतीतून काढलेला तीन वर्षांचा अंदाज आहे.

आसाममध्ये हे प्रमाण १९५ आणि केरळात १९ होते, एवढे हा अंदाज सांगतो. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या रुग्णालयात आणि कशामुळे माता गेली, हे तो सांगू शकत नाही. ते सांगण्याचे काम नोंदवहीचे. आणि गळती नेमकी तेथेच आहे.

गर्भारपणात, प्रसूतीवेळी किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत गर्भारपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू हा मातामृत्यू होय. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात गर्भारपणाविषयी स्वतंत्र प्रश्नही आहे. पण बाळंतीण अतिदक्षता विभागात हलवली गेली आणि कारणाच्या रकान्यात केवळ 'हृदयक्रिया बंद' असे लिहिले गेले, की प्रसूतीचा संबंध पुसला जातो. ग्रामीण केंद्राने अत्यवस्थ स्त्रीला पुढे धाडले, तर त्याच्या दप्तरी 'रवानगी' एवढीच नोंद उरते. ती वाटेतच दगावली, तर तिची जबाबदारी कोणाचीच नसते.

यामागे निव्वळ आळस नाही, भीती आहे. केंद्राने २०१० मध्ये मातामृत्यू परीक्षणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१७ च्या सुधारित सूचनांत दोषारोप टाळण्यावर भर दिला. परंतु परीक्षणाची बैठक म्हणजे कारणे दाखवा नोटिशीची पूर्वतयारी, असा समज कर्मचाऱ्यांत असेपर्यंत खरी नोंद करण्याचे धाडस कोण करील? त्यात प्रामाणिकपणे अधिक मृत्यू नोंदवणारा जिल्हा आढाव्यात मागास ठरतो आणि लपवणारा शाबासकी मिळवतो.

केरळातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २००४ पासून वेगळा मार्ग धरला. रुग्ण, डॉक्टर व रुग्णालय यांची नावे गुप्त ठेवून प्रत्येक मृत्यूची वैद्यकीय छाननी करायची, शिक्षेसाठी नव्हे तर उपचारांतील उणीव शोधण्यासाठी, ही ती पद्धत. कमी मातामृत्यूंच्या राज्यालाही ही छाननी आवश्यक वाटली, हे लक्षणीय आहे.

आरोग्य हा राज्यांचा विषय असला, तरी मोजणीची शिस्त लावणे केंद्राला अशक्य नाही. प्रत्येक राज्याचा अंदाजित आकडा आणि प्रत्यक्ष नोंदलेले मृत्यू शेजारी-शेजारी प्रसिद्ध करावेत. तफावत दिसली की त्या राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना विधानसभेत उत्तर द्यावे लागेल. २०३० पर्यंत हे प्रमाण ७० च्या खाली आणण्याचे शाश्वत विकासाचे उद्दिष्ट भारताने स्वीकारले आहे. ते माता वाचवून गाठायचे की नोंदी टाळून, हाच खरा राजकीय प्रश्न आहे.