गाडी पुसायचा कपडा आणि सीटचा टाका

नगरच्या कापड बाजारात गादीवर बसून मला तीस वर्षे होत आली. लग्नाचा बस्ता, शाळेचे गणवेश, दारा-खिडक्यांचे पडदे, सगळे मोजून दिले. पण अलीकडे एक नवेच गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढू लागले आहे. शनिवारी संध्याकाळी येते आणि म्हणते, "शेठ, गाडी पुसायला एखादा तुकडा द्या." आपण व्यापारी काय देतो? ताग्यातला शेवटचा डागी तुकडा, टेरिकॉटचे कटपीस, फार तर होजियरीची चिंधी. पुसायचेच तर आहे, असे म्हणून पुष्कळदा पैसेही घेत नाही. माझे स्पष्ट मत आहे की असे करून आपण गिऱ्हाइकाचे नुकसान करतो आणि आपलेही.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. चार वर्षांपूर्वी एक वापरलेली, गडद निळ्या रंगाची गाडी घेतली. रोज सकाळी दुकानातल्याच शर्टिंगच्या तुकड्याने कोरडीच पुसायचो. शेजारी म्हणत, शेठची गाडी काय चमकते! सहा महिन्यांनी एकदा भर उन्हात बॉनेटकडे पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा. गाडी रंगवणाऱ्या एका उस्तादांना दाखवली. त्यांनी बोट फिरवले आणि हसून म्हणाले, "शेठ, ही गाडी पुसलेली नाही, घासलेली आहे. कपडा कुठल्या दुकानाचा?" मी गप्प बसलो.

कारण सोपे आहे. आजच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. चमक या लेपाची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात खडीच्या चुऱ्याची धूळ, गळिताच्या हंगामात ऊसवाहू वाहनांनी उडवलेली माती. ती धूळ कोरड्या कपड्याखाली आली की कपड्याचा पॉलिशपेपर होतो. रेघा घालवायला रबिंग कंपाउंड मारले तर रेघ जाते, पण लेपही तेवढा झिजतो. तो घरी परत चढवता येत नाही. म्हणून कंपाउंडची डबी घरात हौसेने आणू नये असे मी म्हणेन.

मग घरी काय करावे? धुवावे, आणि नीट धुवावे. पाथर्डी, पारनेरकडे टँकरची वाट पाहणारी गावे आपल्याच जिल्ह्यात असताना नळाला पाइप लावून गाडीवर धार सोडणे मला पटत नाही. दोन बादल्या पुरतात. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. आधी मगाने पाणी टाकून धूळ सुटी करावी, मग छपरापासून खाली यावे. कपडा दर वेळी साध्या पाण्यात पिळूनच पुन्हा शाम्पूत घालावा, म्हणजे निघालेली माती परत गाडीवर जात नाही. चाकांचा कपडा वेगळा ठेवावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिच्यातला सोडा मेणाचा थर उतरवतो. रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने गाडी चमकवण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. त्याने रबर फुगते आणि तासाभरात दुप्पट धूळ चिकटते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून गाडी उन्हात आपोआप वाळू देऊ नये. पांढरे ठिपके बसतात आणि हट्टी असतात. सावलीत धुवावे, लगेच टिपून घ्यावे.

टिपायचे कशाने, हा खरा आपल्या धंद्याचा प्रश्न. त्याचे उत्तर मायक्रोफायबर. नाव परदेशी वाटले तरी माल ओळखीचा आहे. टेरिलीन आठवते ना? १९४१ मध्ये मँचेस्टरच्या एका छपाई कंपनीच्या दोन रसायनतज्ज्ञांनी काढलेला तोच पॉलिस्टर धागा. त्यात थोडे नायलॉन मिसळून, बहुधा ऐंशी-वीसच्या प्रमाणात, धागा इतका बारीक चिरतात की एक तंतू एका डेनिअरपेक्षाही हलका होतो. त्या चिरांत धूळ आणि पाणी अडकते, रंगावर घासले जात नाही. माझ्या शर्टिंगमध्येही पॉलिस्टरच होते. फरक धाग्याच्या जातीचा नव्हता, कातणीचा आणि विणीचा होता. हे मला कळायला हवे होते, गिऱ्हाइकाला नव्हे.

खोटा माल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या तळहातावर फिरवा. चांगला कपडा कातडीला हलका धरतो, नुसता सरकत नाही. पाण्याचे चार थेंब टाकून पुसा. पाणी पुढे ढकलले गेले तर नुसते पॉलिस्टर समजा. वजन चौरस मीटरला तीनशे-चारशे ग्रॅम असावे. आणि किनार पाहा. बरेच जण फक्त मधला भाग पाहतात, पण रेघ मारतो तो ओव्हरलॉकचा कडक दोरा आणि कोपऱ्यातले लेबल. लेबल टाका न ओढता उसवून काढावे. धुताना सुती कपड्यांबरोबर घालू नये, तंतू चिकटतात. कपडे मऊ करणारे औषध वर्ज्य, इस्त्री वर्ज्य. आणि कपडा जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय रंगाला लावू नये. सुती कापड अगदीच बाद नाही. मेण लावायला जुने, शिवण काढलेले मलमल किंवा बनियनचे कापड आजही चांगले.

एवढे सांगून विकले तर गिऱ्हाईक चिंधी फुकट मागत नाही, चार कपडे विकत घेते आणि पुन्हा येते.

कोणी म्हणेल, घरोघरी गाड्या धुऊ लागले तर धुलाईवाल्याच्या रोजीचे काय? मला त्याची चिंता कमी वाटते. लग्नसराईत, पावसाळ्यात, गाडीखालच्या चिखलासाठी माणूस त्याच्याकडे जाणारच. चिंता आहे ती सीट कव्हर शिवणाऱ्यांची. आपल्या समाजातले कितीतरी कारागीर या हुन्नरावर घर चालवतात. त्यांच्या हातचे काम आता खोक्यात भरून येते. मोबाइलवर गाडीचे नाव निवडा, कव्हर घरी येते, अर्ध्या तासात स्वतः चढवा.

माझ्या मुलाने तेच केले. मी त्याला काय बोलणार, रेघा तर मीच मारल्या होत्या! कव्हर दिसायला छान, रेग्झिनही बरे. मीच त्याला म्हटले, एका कोपऱ्याला चुणी येते आहे, उस्तादांकडून टाका घालून आण. उस्तादांनी दार उघडले, सीटच्या पाठीची दाराकडची बाजू चाचपली आणि कव्हर थेट उतरवायलाच लावले. आत शिवलेली छोटी पट्टी दाखवली. तिच्यावर 'एअरबॅग' लिहिलेले. म्हणाले, "बेटा, पिशवी इथून फुटते. तू तिला कोंडून ठेवलेस."

ही गोष्ट कारागीर बांधवांनी लक्षपूर्वक वाचावी. चालकासमोरची एअरबॅग आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, शेजारच्या सीटसाठी नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. त्या पुढून येतात, सीट कव्हरचा संबंध नाही. पण आज अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅगही असते आणि ती बहुधा सीटच्या पाठीतच बसवलेली असते. धडक बाजूने बसली तर दार आणि माणूस यांत अंतर फार थोडे, म्हणून तिला पापणी लवायच्या आत उघडावे लागते. वरून जाड रेग्झिन, त्यामागे फोम आणि नायलॉनचा पक्का दोरा असेल तर ती उशिरा उघडेल किंवा भलतीकडे. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत अशा सीटवर कव्हर घालूच नका असे छापलेले असते.

कंपनीच्या सीटवर तिथली शिवण मोजून, चाचणी घेऊन कच्ची ठेवतात. काही कारागीर अंदाजाने तिथे साधा सुती दोरा घालतात. हेतू चांगला, पण अंदाज तो अंदाज. ज्याची चाचणी झालेली नाही त्या टाक्यावर कोणाचा जीव टांगू नये. ती बाजू सरळ उघडी सोडावी, किनार दुमडून शिवावी आणि गिऱ्हाइकाला कारण सांगावे. खोक्यातल्या कव्हरला बोलता येत नाही, कारागिराला येते. त्याची मजुरी याच गोष्टीची आहे.

कापड देणाऱ्यानेही हात झटकू नयेत. गाडीच्या आतले कापड किती वेगाने पेटते यासाठी भारतीय मानक आहे, आय. एस. १५०६१. आपण घाऊक माल घेताना रंग विचारतो, पन्हा विचारतो, उधारीची मुदत विचारतो. हे विचारत नाही. पॉलिस्टर पेटले की वितळून अंगाला चिकटते, हे सूत जाळून पारखणाऱ्या आपल्या पिढीला सांगायला नको.

बाकीच्या हौशींबद्दल थोडक्यात. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली. पुढे नियमांत दुरुस्ती झाली, केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये काही मोकळीकही दिली. पण पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड गेलाच पाहिजे, ही अट सुटलेली नाही. गाडीचा रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि जादा दिव्यांसाठी घरी वायर कापू नका, आग तिथूनच लागते.

नगर हे गाड्या जाणणारे गाव आहे. कायनेटिकची लुना इथे बनली, सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आहे, रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून इथे आहे. अशा गावात सीट कव्हरवाल्यांना एअरबॅगची माहिती देणारे दोन दिवसांचे शिबिर होऊ नये, याचे मला नवल वाटते. व्यापारी संघटनेने मनावर घेतले तर जागा आणि चहा माझ्याकडे लागला.

मुलाच्या गाडीचे कव्हर उस्तादांनी दाराच्या बाजूने कापून पुन्हा शिवून दिले. मजुरी कव्हरच्या किमतीच्या निम्मी घेतली. मी घासाघीस केली नाही.