बेतून कापावें

धातूंचीं रूपें चालविण्यांत आमचें सारें आयुष्य गेलें. परंतु धातु करवतीनें कापण्याचा प्रसंग गेल्या वैशाखांत आमच्यावर प्रथमच आला. त्यांत आमची जी फजिती झाली ती वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. पुष्कळ घरांच्या गच्च्यांना कठडे आहेत, आणि त्या कठड्यांखालच्या खोल्यांत कोणी ना कोणी वडील माणूस निजत असतें.

आमच्या घरीं ती खोली वहिनींची, म्हणजे आमच्या कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नीची. गेलीं चार वर्षें श्रावण लागला कीं खोलीच्या भिंतीस ओल येई, आणि दम्यामुळें वहिनींचें अंथरूण माजघरांत न्यावें लागे. गवंड्यानें कठड्याच्या माथ्यावर तीनदां गिलावा केला, आणि तीनदां तो उन्हानें तडकला. अखेर त्या माथ्यावर ॲल्युमिनियमचें आच्छादन घालावयाचें ठरलें. बांधकामाच्या भाषेंत यास कोपिंग म्हणतात. उलट्या पन्हळासारखा त्याचा आकार असून दोन्ही कडा भिंतीपासून इंचभर दूर लोंबतात. त्यामुळें पागोळ्या भिंतीवरून न ओघळतां बाहेर पडतात. माथ्याचा उतार गच्चीच्या बाजूस ठेवावा, म्हणजे पाणी शेजाऱ्याच्या अंगणांत जात नाहीं.

ज्यांच्या घरीं ‘जर्मन’चीं भांडीं आहेत त्यांस हा धातु नवा नाहीं. १८८४ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर ॲल्युमिनियमचें लहानसें टोक बसविलें, तेव्हां त्याचा भाव चांदीच्या जवळपास होता. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं, एकमेकांस नकळत, विजेच्या साहाय्यानें तो काढण्याची रीति शोधली, आणि शिखरावरचा धातु चुलीजवळ आला. वजनानें तो लोखंडाच्या सुमारें एकतृतीयांश, आणि पावसांत लोखंडासारखा गंजून झडत नाहीं.

चिरंजीवांनीं बाजारांतून ३ मीटर लांबीचे तुकडे आणले. घराचा जुना नकाशा आमच्या पेटींत होताच. त्यावरील मापें घेऊन आम्ही हिशेब मांडला. इतक्यांत सूनबाई म्हणाली, “मामंजी, पोलक्याचें कापड कापण्यापूर्वीं आम्ही जुन्या वर्तमानपत्रावर बेततों. तसें येथें करून पाहूं या का?” आम्ही उत्तर दिलें, “सूनबाई, हें पोलकें नव्हे. हें गणित आहे.”

गणित बरोबर होतें, परंतु भिंत नकाशांतली राहिली नव्हती. तीनदां चढलेल्या गिलाव्यानें ती दोन्ही टोकांस वाढली होती, आणि शेवटचा तुकडा तीन बोटें आंखूड भरला. कापलेला धातु कांहीं जोडून वाढत नाहीं. उरलेल्या जागेंत सिमेंट भरून टाकावें, खालून कोणास दिसणार, असा विचार आमच्या मनांत आला, हें कबूल केलें पाहिजे. मग लक्षांत आलें कीं ती तीन बोटें नेमकीं वहिनींच्या उशावरचीं होतीं. वहिनी म्हणाल्या, “भावजी, राहूं द्या. माझें माजघरांत चाललें आहे.” त्या बोलण्यानें आम्ही फार खजील झालों. दुसऱ्या दिवशीं नवा तुकडा आणविला, आणि सूनबाईस कात्री व वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर बोलाविलें.

कागद भिंतीवर पसरतांच आणखी एक गोष्ट उघड झाली: कोपरा काटकोनांत नव्हता. तेथें दोन्ही तुकडे ४५ अंशांत कापले असते तर फट पडली असती. सूनबाईनें कोपऱ्याचा कागद दोन्ही कडा जुळवून दुमडला. जी घडी पडली तोच कोनाचा दुभाजक. हें प्रमेय आम्ही तीस वर्षें फळ्यावर शिकविलें होतें.

कापण्याची रीतिही सांगतों. पत्रा पातळ, म्हणून इंचास ३२ दांतांचें बारीक पातें घ्यावें. पन्हळाच्या पोटांत लांकडाचा ठोकळा बसवावा, म्हणजे दाबानें कडा वांकत नाहींत. पात्यास मेणबत्ती घासावी. पातें रेघेच्या टाकाऊ बाजूनें चालवावें, कारण पात्याची जाडीही माप खाते. लोखंड कापण्याची फिरती चकती येथें वापरूं नये. मऊ धातु तींत भरून बसतो. कडेची कूस कानशीनें घांसावी, आणि कानस भरूं नये म्हणून तिला आधीं खडू लावावा. आमच्या खडूचा असा उपयोग होईल हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

आंबट आमटी ‘जर्मन’च्या भांड्यांत ठेवीत नाहींत, ओल्या चुन्याचा व सिमेंटचाही या धातूशीं तसाच विरोध आहे. म्हणून खालीं डांबरी रंगाचा हात द्यावा. आणि तुकडे एकमेकांस घट्ट भिडवूं नयेत. थंडींतील पहांट व उन्हाळ्यांतील दुपार यांत पत्र्याच्या उष्णतेंत ५० अंशांचा फरक पडला, तर ३ मीटरचा तुकडा सुमारें साडेतीन मिलिमीटर वाढतो. जागा न ठेवल्यास तो फुगून उठतो. यास्तव दोन तुकड्यांत ५ मिलिमीटर फट ठेवून तिच्याखालीं एक जोडपट्टी द्यावी. पट्टी पाणी झेलते आणि तुकडे मोकळेपणीं हलतात.

यंदाचा श्रावण सरला, भाद्रपदही गेला. वहिनींचें अंथरूण आपल्या जागेवरून हललें नाहीं. एका घरांत अनेकांनीं राहावयाचें तर मनामनांतही अशीच थोडी फट असावी, आणि तिच्याखालीं पट्टी असावी. आम्हीं मात्र आतां कांहींही कापावयाचें झाल्यास सूनबाईस आधीं विचारतों.