सक्तीच्या विम्यावर कर कशासाठी?

मोटारसायकल आज गवंड्याचे, दूधवाल्याचे कामाचे साधन आहे. तिच्या तृतीय पक्ष विम्याची सक्ती योग्यच. धडकेत सापडणारा पादचारीही बहुधा गरीबच असतो. परंतु ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी सरकारने २०२२ साली ७१४ रुपये हप्ता ठरविला आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी १२८ रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाले, मालमोटारींच्या तृतीय पक्ष विम्यावरील कर ५ टक्क्यांवर आला. दुचाकीवाल्याला मात्र सवलत नाही. हा कुठला न्याय? वर नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा ऐच्छिक विमा त्याच पावतीत गळ्यात मारला जातो व रक्कम फुगते. जुन्या गाडीसाठी तो नाकारता येतो, हे कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत सांगावे. आणि करमाफीची मागणी खासदारांकडे लेखी न्यावी.