शकुंतलेचे स्टेशन आणि भाड्याची दंतकथा

यवतमाळच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनविषयी गेल्या काही वर्षांत जे लिहिले गेले, त्यातील बराचसा मजकूर एकाच वाक्याभोवती फिरतो: स्वातंत्र्य मिळाले तरी या रेल्वेसाठी आपण इंग्रजांना भाडे देत राहिलो. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे वाक्य असते, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत असते, आणि आता भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या मजकुरातही असते. वाक्य चटकदार आहे. त्यामुळेच बहुधा ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही.

वस्तुस्थिती अशी की मूर्तिजापूर–यवतमाळ (113 किलोमीटर) आणि मूर्तिजापूर–अचलपूर (76 किलोमीटर) हे अडीच फुटी रूळ विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने टाकले. पेढी त्या काळी इंग्रजांची होती, यात वाद नाही. पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांच्या हाती गेली. देशातील रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा फाटा मात्र त्यातून सुटला. रूळ कंपनीचे, गाडी सरकारी रेल्वेची, अशी विचित्र व्यवस्था पुढे दशकानुदशके चालू राहिली. भाडे जात होते ते या कंपनीला, विलायतेच्या तिजोरीला नव्हे.

आमचा आक्षेप केवळ तपशिलाच्या चुकीला नाही. या दंतकथेने एक सोय केली आहे. दोष परक्यांवर ढकलला की आपल्या हातून काय झाले, हे विचारावे लागत नाही. रूळ दुसऱ्याचे म्हणून रेल्वेने त्यांवर खर्च करावयाचा नाही, आणि गाडी आपली नाही म्हणून कंपनीने लक्ष घालावयाचे नाही. या दोन नकारांच्या मध्ये यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव येथील स्टेशने झिजत गेली. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास येऊन ठेपला. फाटकावर माणूस नसे. गाडी थांबवून तिच्यावरील कर्मचाऱ्यानेच खाली उतरायचे, फाटक लावायचे, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडायचे. याला आपण मौज म्हणून छायाचित्रांत टिपले. एखाद्या प्रदेशाकडे झालेले दुर्लक्ष तिथल्या लोकांनाच रम्य वाटू लागावे, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

हा मार्ग प्रवाशांसाठी झाला नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचे मोल एकाएकी वाढले. पुढे मुख्य रेल्वेमार्ग मूर्तिजापूरवरून गेला. आतल्या तालुक्यांतील कापूस त्या मार्गापर्यंत आणण्यासाठी हा फाटा. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठी लहान डब्यांतून मूर्तिजापूरला यायच्या, तेथे रुळांची रुंदी बदलत असल्याने हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यांत चढायच्या, मग मुंबई, मग बोट. या साखळीतील हमालाची पाठ कोणत्याही दंतकथेत येत नाही. गाडी ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच बनलेले; ते सत्तर वर्षांहून अधिक काळ राबून एप्रिल 1994 मध्ये निवृत्त झाले. त्याच्याविषयी मात्र भरभरून लिहिले गेले आहे.

कापूस ट्रकवर गेला आणि मागे उरली ती माणसे. एसटीचे भाडे ज्यांना परवडत नव्हते, ज्यांना घाई नव्हती, किंवा घाई असून उपाय नव्हता, त्यांची ही गाडी. तिला लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले. नावाची व्युत्पत्ती शोधण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. विस्मृतीचा शाप या नावाला आधीपासूनच चिकटलेला आहे, एवढे मराठीच्या मास्तरांना सुचणारच.

2016 साली रुंदीकरणाची घोषणा झाली, आणि त्याच दशकात गाडीही थांबली. जानेवारी 2019 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले तेव्हा रेल्वेने येणारी मंडळी धामणगावला किंवा वर्ध्याला उतरून मोटारीने शहरात पोहोचली. उद्घाटकांच्या निमंत्रणावरून त्या वेळी पुष्कळ वादंग झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण ज्या शहरात आपण जमलो आहोत तेथील स्टेशन ओस पडले आहे, याचा चार ओळींचा उल्लेख व्हायला हरकत नव्हती.

आता वर्धा–यवतमाळ–नांदेड हा मोठा मार्ग होत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. त्याचे स्वागतच आहे. तथापि नवा मार्ग दारव्ह्याहून दिग्रस-पुसदकडे वळतो. कारंजा त्याच्या वाटेवर नाही, दर्यापूर-अंजनगाव तर नाहीच. म्हणजे एका गाडीच्या जागी दुसरी आली असे म्हणता येत नाही. जुन्या मार्गावरचा मजूर, भाजी विकणारी बाई, तालुक्याच्या महाविद्यालयात येणारा मुलगा हे या हिशेबात कुठे बसतात, असे अचलपूरकडील आंदोलक विचारत आले आहेत. त्यांच्या मागणीला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे सोपे आहे.

स्टेशनचे काय करावे, यावर सूचना पुष्कळ येतात: संग्रहालय करा, इंजिन रंगवून दारात ठेवा, भोवती बाग करा. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. बागेआधी कागद सांभाळा. मालाच्या नोंदवह्या, तिकिटांचे हिशेब, कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटांतील नावे, यांपैकी जे काही वाळवीतून उरले असेल ते आणि ज्यांनी हे काम केले त्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची हकीकत, वऱ्हाडीतच, आता नोंदवून घेतली पाहिजे. मराठीच्या विभागांना प्रकल्पांसाठी विषय सापडत नाहीत, अशी तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. हा विषय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि सांगू शकणारी माणसे दरसाल कमी होत आहेत.