वाहून गेलेल्या मातीचा हिशेब द्या!



22 जुलै 2023 हा दिवस संग्रामपूर तालुका विसरलेला नाही. सातपुड्यावरचं पाणी नदी-नाल्यांतून उसळून थेट आपल्या गावांत आणि वावरांत शिरलं. कपाशी, सोयाबीन गेलं. पीक पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहतं. पण ज्या वावरातली काळी मातीच गेली आणि खाली मुरूम-गोटे उघडे पडले, तिथे पेरायचं कशात? पूर्णाकाठी तर खारपाणपट्टा. तिथलं भूजल खारट, सगळी मदार पावसावर, आणि तो ओलावा धरून ठेवते ती काळी मातीच.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी आडव्या केल्या. तेव्हा सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 केली, कारण नारळ लावला की फळाला वर्षं लागतात. योग्यच केलं. कोकणातल्या भावाच्या ताटातलं आम्हाला काही नको. पण झाडाची वर्षं मोजता, तर मातीची शतकं का मोजत नाही?

आमच्या वेळी केंद्राचा निकष होता: गाळ काढायला हेक्टरी 18,000, जमीनच गेली तर 47,000, तेही फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना. एवढ्या पैशात हेक्टरभर वावर मातीने भरून दाखवा!

आणि ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारनेच जाहीर केलं: खरडलेल्या जमिनीला 47,000 रोख, शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत, बुजलेल्या विहिरीला 30,000. म्हणजे खरा खर्च किती, हे सरकारला ठाऊक आहे. मग 2023 ची माती 2025 च्या मातीपेक्षा स्वस्त कशी?

नियम मागच्या तारखेने लागत नाही, असं उत्तर मिळेल. नुकसान तरी कुठे मागच्या तारखेला थांबलंय? त्या वावरांत दर खरिपाला तोटाच उगवतो आहे.

आमची मागणी एकच: 2023 मध्ये खरडलेल्या प्रत्येक जमिनीला आणि बुजलेल्या प्रत्येक विहिरीला 2025 चाच दर लावा.

सोनाळा, टुनकी, बावनबीर, पातुर्डा, वरवट बकाल आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या कास्तकारांनो, तेव्हाच्या पंचनाम्याची प्रत आणि सातबारा घेऊन येत्या ग्रामसभेला या. पंचनामा झालाच नसेल, तर तेही तिथेच लिहून द्या. ठराव घेतल्याशिवाय ग्रामसभा उठू देऊ नका.