पक्ष्यांना श्रेय किती द्यायचं?

फार्सी सूफी काव्यातली गती कुठून येते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: प्रतिमांतून. सीमुर्ग या पक्षिराजाच्या शोधात सात दऱ्या ओलांडणारे अत्तारचे पक्षी, काफिले, आणि रूमी म्हटला की गिरक्या घेणारे दरवेश आलेच. या उत्तरात एक सोय दडलेली आहे. प्रतिमा भाषांतरात टिकतात, मग व्याकरण गळालं तर गळू दे!

मला हे पटत नाही; गतीचं श्रेय क्रियापदांनाही आहे. सूफींच्या आधीचा दाखला घ्या. दहाव्या शतकात सामानी अमीर नस्र हेरातमध्ये इतका रमला की बुखाऱ्याला परतण्याचं नाव घेईना. वैतागलेल्या दरबारी मंडळींनी कवी रूदकीला गळ घातली. त्याच्या कसीद्याचा रदीफ, म्हणजे ओळीअखेर पुन्हा पुन्हा येणारे शब्द, म्हणजे ‘येणे’चं रूप आणि जोडीला ‘हमी’ हा सातत्यदर्शक शब्द. ओळीमागून ओळ काहीतरी येतच राहतं. ते ऐकून अमीर पायात काही न चढवताच घोड्यावर बसला, असं निजामी अरूझी ‘चहार मकाला’ या आपल्या ग्रंथात सांगतो. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण त्या काळच्या रसिकांना क्रियापदाची ताकद कळत होती, एवढं तिच्यातून दिसतं.

फार्सीत क्रियापद मराठीसारखंच साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून रदीफाची जागा त्याला सहज मिळते. आपला गुरू शम्स याच्या नावे रचलेल्या दिवाणात, म्हणजे काव्यसंग्रहात, रूमीने ही सोय मनसोक्त वापरली. त्याच्या एका गाजलेल्या गझलेचा रदीफ आहे आज्ञार्थी ‘शौ’, म्हणजे ‘हो’. हे रूप ‘शुदन’चं, आणि जुन्या फार्सीत ‘शुदन’चा अर्थ ‘होणे’ही होता, ‘जाणे’ही. ‘गश्तन’चंही तसंच: फिरणे आणि होणे. ‘फना’ला, म्हणजे सूफींच्या परमेश्वरातल्या ‘मी’च्या लयाला, निश्चल विलय मानणाऱ्यांची अडचण इथे होते. ज्या भाषेत होण्याच्या पोटातच जाणं आहे, तिथला विलय थांबलेला कसा असेल?

यावर कोणी फार्सी भाषाच जन्मजात गूढ आहे म्हणू लागला, तर तेही थोतांड. हीच क्रियापदं मोगल दरबाराच्या अखबारांत, म्हणजे बातमीपत्रांत, फौजांच्या कूचीसाठी राबत होती, आणि रूदकीचा अमीर काही परमेश्वराकडे निघाला नव्हता, घरी निघाला होता. सूफींनी अवजार तेच ठेवलं, मुक्काम तेवढा बदलला.

भाषांतरात नेमकं हे अवजारच हरवतं. अमेरिकन कवी कोलमन बार्क्सने फार्सी न येता, निकल्सन आणि आरबेरी या अभ्यासकांच्या इंग्रजी अनुवादांवरून रूमीची मुक्तछंदी रूपं केली. त्यांत रदीफ नाही, म्हणजे क्रियापदाची पुन्हा पुन्हा परतण्याची जागाच नाही. त्यावरून मराठी करणं ही तिसरी नक्कल झाली. त्यापेक्षा थेट फार्सीतूनच मराठीत आणावं: मराठीत ‘होऊन जा’ असं सरळ म्हणता येतं, आणि माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश 1925 पासून उपलब्ध आहे.