मजुरी माफ, देखरेख महाग : आपल्या मिस्त्री बांधवांनी हे समजून घ्यावे

नांदेडात देगलूर नाक्याच्या बाजूला किंवा पीर बुऱ्हाणनगरकडे चक्कर मारली तर अर्धवट बांधलेली घरे जागोजाग दिसतात. प्लॉट घेतला, सवडीने पाया भरला, मुलाने सौदीहून पैसे पाठविले की स्लॅब पडला, अशी ही घरे उभी राहतात. लातुरातही चित्र वेगळे नाही. या घरांवर काम करणारा गवंडी, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, वेल्डर बहुतेक आपल्याच समाजाचा असतो. पण या कामावर कर कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, याची माहिती फार थोड्यांना आहे, असे आमच्या पाहण्यात आले आहे.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्यात एक सवलत पहिल्या दिवसापासून आहे. कुणी स्वतःचे एक नवे घर बांधीत असेल, सिमेंट, लोखंड, वाळू मालकाने आणायची आणि मिस्त्रीने फक्त मजुरीवर काम करायचे, तर त्या मजुरीवर कर नाही. पंतप्रधान आवास योजनेत लाभार्थी स्वतः घर बांधतो, त्या मजुरीलाही माफी आहे. मात्र मटेरियलसह ठेका घेतला की संपूर्ण रकमेवर १८ टक्के. मालावरचा कर मालक दुकानात तसाही भरतो (सिमेंटवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला, तेवढाच दिलासा), पण तीन लाखांची मजुरी अशा ठेक्यात गेली तर तिच्यावर ५४ हजार रुपये जास्तीचे बसतात. आपल्या घरमालकाला याचा परतावा कुठून मिळणार?

आता तिसरा प्रकार, आणि खरी अडचण त्यातच आहे. मालक दुबईला किंवा पुण्याला. माल त्याच्या पैशाने येतो, मजुरांचा हप्ताही त्याच्याच पैशातून चुकता होतो. आपला अनुभवी मिस्त्री फक्त काम सांभाळतो आणि एकूण खर्चावर काही टक्के घेतो. हे काम मजुरीचे धरले जात नाही. ती व्यवस्थापनाची सेवा ठरते आणि तिच्यावर १८ टक्के लागतात.

मिस्त्री म्हणेल, वर्षाला वीस लाखांच्या आत असलो तर मला नोंदणीच नको. खरे आहे, पण वीस लाख मोजताना माफीची मजुरीसुद्धा धरतात, हे त्याला कुणी सांगत नाही. समजा एकाने वर्षभरात बावीस लाखांची निव्वळ मजुरीची कामे केली. सगळी माफीतली, म्हणून नोंदणीची गरज नाही. त्याच वर्षी त्याने एका घराची देखरेख साठ हजारांत घेतली. बेरीज २२ लाख ६० हजार झाली, त्यात करपात्र काम आले, आणि नोंदणी बंधनकारक झाली. कर १०,८०० रुपये. त्याशिवाय विवरणपत्रे, सल्लागाराची फी आणि उशीर झाला तर दंड. साठ हजारांत बरकत ती काय राहिली!

यात आमच्या लोकांची थोडी हौसही नडते. चार घरे झाली की लेटरहेड छापतात, त्यावर ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ लिहितात आणि जी देखरेख मजुरीच्या दरातच आहे ती बिलात ‘सुपरव्हिजन चार्ज’ म्हणून वेगळी दाखवितात. जो मिस्त्री स्वतःचे मजूर लावून, चौरस फुटाच्या दराने पूर्ण काम अंगावर घेतो, त्याची देखरेख त्या मजुरीचाच भाग आहे. ती वेगळी तोडून दाखविण्याचे कारण नाही. मात्र जिथे फक्त देखरेखच आहे तिथे तिला मजुरी म्हणू नये. कर चुकविण्यासाठी कागद फिरवा, असा सल्ला आम्ही देणार नाही. व्यवहार होता तसा लिहून ठेवावा ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि दोन ओळींचा करारही न करता काम घेणारे पुढे नोटीस आल्यावर धावपळ करतात.

आमची खरी तक्रार शासनाकडे आहे. माफी ‘एका घरा’ला आहे, आणि एकाहून जास्त घरे असली की ते संकुल, अशी व्याख्या आहे. सेवाकराच्या काळात जून २०१२ पर्यंत बारापेक्षा जास्त घरे असली तरच संकुल धरीत. आपल्याकडे एकाच प्लॉटवर खाली थोरला, वर धाकटा, चुली दोन, हे घरोघरी आहे. वाटण्या टळाव्यात म्हणून वडील असे बांधून ठेवतात. कायद्याचे शब्द शब्दशः लावले तर ही दोन घरे झाली आणि मजुरीची माफी गेली. बिल्डरची इमारत आणि दोन सख्ख्या भावांचे घर एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

देखरेखीबाबत भेद करणारा आपलाच देश आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर व्हॅटचा दर शून्य आहे, पण वास्तुविशारदाच्या किंवा देखरेखीच्या वेगळ्या फीवर २० टक्के लागतात. परंतु तिथला सल्लागार आणि आपला सकाळी सातला थापी घेऊन साइटवर उभा राहणारा मिस्त्री यांत फरक आहे. स्वतःच्या राहत्या घरासाठी घेतलेली मिस्त्रीची देखरेख मजुरीबरोबर माफ करावी आणि एका कुटुंबाच्या दोन-तीन चुलींचे घर एकच धरावे, अशी दुरुस्ती जीएसटी परिषदेपुढे राज्याच्या अर्थमंत्र्यांनी मांडली पाहिजे. नांदेड-लातूरच्या व्यापारी संघटना सिमेंटच्या दरासाठी निवेदने देतात. त्याच निवेदनात हे दोन मुद्दे घालायला काय हरकत आहे? मिस्त्रींची स्वतःची संघटना कुठे आहे, की त्यांनीच जावे?